जखमी अश्वांचा कैवारी : हेन्री बर्ग

रस्त्याच्या मधोमध घायाळ होऊन पडलेला घोडा दिसला, तर पाहणाऱ्याचे मन द्रवल्यावाचून राहत नाही. क्षणभर पाऊल थबकते, मुखातून हळहळ व्यक्त होते आणि मग बहुतेक जण आपापल्या वाटेने निघून जातात. दया ही मनुष्याच्या ठायी स्वभावतःच असते. तिचे रूपांतर सेवेत होणे मात्र दुर्मिळ. त्या पडलेल्या प्राण्याला उचलावयाचे कोणी, न्यावयाचे कोठे, त्याच्या जखमा धुवावयाच्या कोणी आणि त्याला त्या स्थितीस नेणाऱ्याला जाब विचारावयाचा कोणी, या चार प्रश्नांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याची अखेरची बावीस वर्षे वेचली, ते हेन्री बर्ग. सात समुद्रांपलीकडील न्यूयॉर्क नगरीत, जैन परंपरेचा कोणताही संस्कार नसलेल्या कुळात जन्मलेल्या या गृहस्थाचे चरित्र जीवदयेच्या प्रत्येक उपासकाने अवलोकन करावे असे आहे.

जन्म आणि पूर्वायुष्य

हेन्री बर्ग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८१३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे वडील ख्रिश्चन बर्ग हे त्या काळचे नामांकित जहाजबांधणी व्यावसायिक होते. ईस्ट नदीच्या काठी त्यांची गोदी होती. सचोटीचा व्यवहार आणि उत्तम कारागिरी यांसाठी त्यांचा लौकिक होता. घरी संपत्तीची वाण नव्हती. हेन्री यांनी कोलंबिया महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण तेथील शिक्षण पूर्ण केले नाही. काही काळ वडिलांच्या व्यवसायात हातभार लावला, पण त्यातही त्यांचे मन रमले नाही. १८३९ साली कॅथरिन माटिल्डा टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४३ साली वडील निवर्तले आणि मुलांच्या वाट्यास मोठी संपत्ती आली.

यानंतरची वीस वर्षे बर्ग दांपत्याने सुखासीन अवस्थेत घालविली. युरोपचा दीर्घ प्रवास, नाट्यगृहे, मेजवान्या आणि उच्चभ्रूंच्या बैठका यांत दिवस जात होते. नाटककार आणि कवी म्हणून नाव मिळवावे अशी हेन्री यांची मनीषा होती. त्यांनी लेखनही पुष्कळ केले. परंतु रसिकांनी त्याचे स्वागत केले नाही. वयाची पन्नाशी आली तेव्हा त्यांच्या नावावर सांगण्याजोगे एकही कार्य जमा नव्हते. उंच, सडपातळ शरीर, लांबट व गंभीर चेहरा, झुपकेदार मिशा आणि निर्दोष पोशाख अशी त्यांची मूर्ती होती. विशेष म्हणजे त्यांना प्राणी पाळण्याची हौस नव्हती. पुढे ज्यांनी लक्षावधी प्राण्यांचे भाग्य पालटले, त्यांचा प्राण्यांशी तोवर विशेष लळ्याचा संबंध नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्यांच्या पुढील कार्याचे मर्म उलगडते. त्या कार्याचा उगम आवडीनिवडीत नव्हता. अन्याय डोळ्यांसमोर घडत असता स्वस्थ बसवत नाही, या वृत्तीतून ते जन्मास आले.

रिंगणातील अश्व

युरोपच्या प्रवासात स्पेन देशी असताना बर्ग दांपत्याने तेथील बैलांच्या झुंजीचा खेळ पाहिला. या खेळात बैलाचे हाल होतात हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या काळी रिंगणात सर्वांत दारुण अवस्था होत असे ती घोड्यांची. भालाधारी स्वार घोड्यावर बसून बैलाला डिवचीत असे आणि चवताळलेला बैल आपली शिंगे घोड्याच्या पोटात खुपशीत असे. घोड्याला समोरचे संकट दिसू नये म्हणून त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधलेली असे. पोट फाटून आतडी बाहेर आलेली जनावरे जमिनीवर तडफडत. एखाद्याची जखम घाईघाईने शिवून त्याला पुन्हा रिंगणात ढकलले जाई. भोवती बसलेला जनसमुदाय टाळ्यांचा गजर करीत असे. घोड्याच्या अंगावर जाड गादीचे संरक्षक आवरण घालणे स्पेनमध्ये सक्तीचे झाले ते पुष्कळ नंतर, १९२८ साली.

एका प्राण्याला चिथावून दुसऱ्यावर सोडावयाचे आणि त्यांच्या रक्ताने करमणूक करून घ्यावयाची, हे दृश्य पाहून उभयतांना अत्यंत उबग आला. परंतु त्या दिवशी त्यांच्याकडून व्यक्त झाला तो केवळ उबग. त्याचे कृतीत रूपांतर होण्यास आणखी अनेक वर्षे जावी लागली.

पीटर्सबर्ग येथील प्रसंग

१८६३ साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बर्ग यांची रशियातील अमेरिकन वकिलातीत सचिव म्हणून नेमणूक केली. सेंट पीटर्सबर्ग ही त्या वेळी रशियाची राजधानी होती. तेथील रस्त्यांवर भाड्याच्या घोडागाड्यांचे चालक आपल्या घोड्यांना निर्दयपणे बडवीत असत. एके दिवशी आपल्या गाडीतून जात असता बर्ग यांना असाच एक चालक घोड्यावर प्रहार करताना दिसला. त्यांनी गाडी थांबविली आणि आपल्या गाडीवानाकरवी त्या चालकास मारहाण थांबविण्याचा हुकूम दिला. बर्ग यांच्या अंगावर वकिलातीचा भरजरी गणवेश होता. तो पाहून चालक वरमला आणि त्याचा हात खाली आला.

प्रसंग तसा लहानच. परंतु बर्ग यांच्या जीवनाला त्याने कलाटणी दिली. एरवी कोणी हटकले असते तर त्या चालकाने ऐकले नसते. तो नमला तो गणवेशामागील सत्तेपुढे. सत्तेचा धाक जर एका प्रहाराला थांबवू शकतो, तर तीच सत्ता कायद्याच्या रूपाने मुक्या जीवांच्या पाठीशी का उभी करू नये, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. त्यानंतर गणवेशात बाहेर पडावे आणि दिसेल तेथे घोड्यांचा छळ थांबवावा, असा परिपाठच त्यांनी ठेवला.

१८६४ साली त्यांनी पदाचा राजीनामा दिला. मायदेशी परतताना ते लंडन येथे थांबले. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचविण्यासाठी १८२४ साली स्थापन झालेली संस्था तेथे कार्यरत होती. तिचे अध्यक्ष लॉर्ड हॅरोबी यांची बर्ग यांनी भेट घेतली, संस्थेची घटना व कार्यपद्धती यांचा अभ्यास केला आणि निश्चित संकल्प घेऊनच ते न्यूयॉर्कला परतले.

संस्थेची स्थापना आणि कायद्याचे बळ

८ फेब्रुवारी १८६६ रोजी न्यूयॉर्कच्या क्लिंटन सभागृहात बर्ग यांचे व्याख्यान झाले. शहराचे महापौर आणि अनेक प्रतिष्ठित नागरिक उपस्थित होते. प्राण्यांच्या वतीने तयार केलेल्या जाहीरनाम्यावर मान्यवरांच्या स्वाक्षऱ्या मिळाल्या. १० एप्रिल १८६६ रोजी राज्याच्या विधिमंडळाने संस्थेला मान्यतेची सनद दिली आणि १९ एप्रिल रोजी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा सुधारित कायदा संमत झाला. अमेरिकेतील अशा प्रकारची ही पहिली संस्था होय. बर्ग तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि अखेरच्या श्वासापर्यंत त्या पदावर राहिले. या कामाचे वेतन त्यांनी कधीही घेतले नाही.

पुढील वर्षी, १८६७ साली, कायद्याला नवी कलमे जोडण्यात आली. त्यांतील दोन विशेष महत्त्वाची होत. पहिल्या कलमाने बैल, अस्वल, कुत्रे, कोंबडे इत्यादी प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा ठरला. दुसऱ्या कलमाने जखमी, आजारी किंवा पंगू झालेल्या जनावराला सार्वजनिक ठिकाणी मरण्यासाठी टाकून देणे दंडनीय ठरले. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये या दुसऱ्या कलमाची निकड किती होती, हे सांगितल्याशिवाय कळावयाचे नाही.

सारे शहर घोड्यांच्या पाठीवर चालत होते. माल वाहणारे टांगे, दुधाच्या व बर्फाच्या गाड्या, आगीचे बंब आणि रुळांवरून धावणाऱ्या ट्रामगाड्या, सर्वांना घोडेच जुंपलेले असत. न्यूयॉर्क आणि शेजारच्या ब्रुकलिन येथे मिळून त्यांची संख्या लाखाच्या वर होती. उमेदीच्या वयात आणलेले घोडे ट्रामच्या कामात थोड्याच वर्षांत निकामी होत. हिवाळ्यात बर्फाळ दगडी रस्त्यावर पाय घसरून घोडा पडला, की चालक प्रथम चाबकाने त्याला उठविण्याचा यत्न करी. तो उठला नाही, तर जू सोडून त्याला तेथेच टाकून दिले जाई. दुसरा घोडा जोडून गाडी पुढे निघे. तहान, थंडी आणि वेदना यांनी त्या जिवाचा अंत होण्यास कधी तास लागत, कधी दिवस.

बर्ग आता स्वतः रस्त्यावर उतरले. माणसांनी खचाखच भरलेली ट्राम दोन थकलेले घोडे ओढीत आहेत असे दिसले, की ते रुळांत उभे राहून हात वर करीत. प्रवाशांना खाली उतरावे लागे, घोडे सोडले जात आणि मागे गाड्यांची रांग लागे. लोक संतापत, अपशब्द वापरीत. बर्ग आवाज न चढविता आपले अधिकारपत्र दाखवीत. प्राण्यांविषयीच्या खटल्यांत सरकार पक्षातर्फे उभे राहण्याचा अधिकार त्यांना मिळाला होता. खोगिराखाली चिघळलेली जखम असलेला घोडा जुंपणारे चालक, पाय बांधलेली वासरे गाडीत रचून नेणारे खाटीक, कोंबडे झुंजविणारे जुगारी, अशा अनेकांना त्यांनी न्यायासनासमोर उभे केले.

प्रत्येक वेळी यश येत असे असे नाही. १८६६ साली एका जहाजावर समुद्री कासवांच्या परांना भोके पाडून, दोरीने बांधून त्यांना उलटे टाकल्याचे त्यांना आढळले. बर्ग यांनी कप्तानावर खटला भरला. कासव हा कायद्याच्या अर्थाने प्राणीच नव्हे, असा बचाव करण्यात आला आणि कप्तान सुटला. वृत्तपत्रांनी बर्ग यांची यथेच्छ टवाळी केली, व्यंगचित्रे छापली. परंतु त्या टवाळीमुळेच घरोघरी लोक हा विषय बोलू लागले आणि संस्थेचे नाव सर्वतोमुखी झाले.

अश्वांची रुग्णवाहिका

टाकून देणाऱ्याला शिक्षा झाली, तरी टाकलेला घोडा रस्त्यावरच राहतो. शिक्षेने त्याची जखम भरून येत नाही. ही उणीव ओळखून १८६७ साली बर्ग यांच्या संस्थेने जखमी घोड्यांसाठी रुग्णवाहिका सुरू केली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने मनुष्यांसाठी रुग्णवाहिकेची व्यवस्था केली ती १८६९ साली. म्हणजे त्या महानगरात रुग्णवाहिकेचा लाभ माणसाच्या आधी घोड्याला मिळाला.

या गाडीची रचना विचारपूर्वक केलेली होती. तिचा तळ जमिनीपासून फारसा उंच नव्हता. तळावरील फळ्यांचे व्यासपीठ मागील बाजूने बाहेर सरकत असे. ते पडलेल्या घोड्याच्या लगत आणून, जनावराला हलकेच त्यावर घेऊन, हाताने फिरविण्याच्या चरखीने व्यासपीठासह आत ओढून घेता येत असे. पाच-सहाशे किलो वजनाच्या जिवाला फरपटत न नेता उचलण्याची ही युक्ती होती. जखमी घोड्याला दोराने ओढून नेण्यात जी नवी इजा होत असे, ती यामुळे टळली.

रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात किंवा पाण्यात पडलेल्या घोड्यांसाठी कप्पीचे यंत्र वापरले जाऊ लागले. १८७५ साली बर्ग यांनी मजबूत कापडाची झोळी तयार करविली. ही झोळी घोड्याच्या पोटाखालून घेऊन वर टांगली, की जनावराला अलगद उचलता येई. पहिल्या महायुद्धातही युरोपच्या रणभूमीवर घोड्यांना वाचविण्यासाठी ही झोळी उपयोगात आणली गेली.

झोळीचे महत्त्व समजण्यासाठी अश्वाच्या शरीराचा धर्म जाणून घेतला पाहिजे. गाय जखमी झाली तर बसून राहू शकते. घोड्याला ते मानवत नाही. फार वेळ पडून राहिल्यास त्याच्या स्वतःच्याच भाराने खालच्या बाजूचे स्नायू व मज्जातंतू चेपले जातात, फुप्फुसावर दाब येतो, कातडीला व्रण पडतात. तो उभा राहिला तरी संकट संपत नाही. एक पाय दुखावलेला असेल तर सारा भार समोरच्या पायावर पडतो आणि त्या चांगल्या पायाच्या खुराच्या आत दाह होऊन तोही निकामी होण्याची भीती असते. झोळीच्या आधाराने घोडा उभाही राहतो आणि त्याच्या पायांवरील भारही हलका होतो.

कुत्र्याच्या किंवा हिंस्र श्वापदाच्या हल्ल्यात सापडलेल्या शिंगराची शुश्रूषा तर आणखी नाजूक असते. दातांची जखम वरून लहान दिसते, पण आत खोलवर गेलेली असते. वरची त्वचा जुळून आली तरी आत पू धरतो. म्हणून अशी जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुणे, ती घाईने बंद न करणे आणि रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरणे आवश्यक असते. घोड्याच्या जातीला धनुर्वाताचा धोका फार मोठा. चाव्यातून अलर्काचे, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचे, संकटही संभवते. त्यामुळे पशुवैद्याला विनाविलंब बोलाविणे हेच श्रेयस्कर. भयभीत शिंगराला शांत, अंधुक जागी, शक्यतो त्याच्या आईच्या दृष्टीसमोर ठेवावे लागते. त्याचे वजन कमी असल्याने, वेळीच आधार मिळाला तर त्याला सावरणे प्रौढ घोड्यापेक्षा सोपे जाते.

बर्ग यांच्या काळी यांतील पुष्कळसे ज्ञान उपलब्ध नव्हते. जखमा जंतुविरहित ठेवण्याची जोसेफ लिस्टर यांची पद्धत प्रसिद्ध झाली ती १८६७ सालीच, म्हणजे रुग्णवाहिका रस्त्यावर आली त्याच वर्षी. धनुर्वातावरील प्रतिविष बर्ग यांच्या निधनानंतर, १८९० च्या दशकात उपलब्ध झाले. अशा स्थितीत जखमी घोड्याला निदान सन्मानाने उचलून निवाऱ्याच्या जागी नेणे, त्याला पाणी, चारा व विश्रांती देणे हाच उपचाराचा मुख्य भाग होता. संस्थेने शहरात घोड्यांसाठी पाण्याचे हौद बांधले. तहानलेल्या जनावराला वाटेत पाणी मिळण्याची सोय त्यामुळे झाली.

१८७२ ची साथ

१८७२ च्या शरद ऋतूत कॅनडातून आलेली घोड्यांच्या तापाची साथ पाहता पाहता न्यूयॉर्कमध्ये पोहोचली. तबेल्यामागून तबेले खोकणाऱ्या, मान टाकलेल्या घोड्यांनी भरून गेले. सारे व्यवहार ठप्प झाले. ट्राम कंपन्यांनी आजारी घोडेच गाड्यांना जुंपण्यास प्रारंभ केला. बर्ग आणि त्यांचे सहकारी चौकाचौकांत उभे राहिले आणि आजारी जनावरे ओढीत असलेल्या गाड्या अडवू लागले. काही ठिकाणी माणसांनीच गाड्या ओढल्या. बोस्टन शहरात त्याच नोव्हेंबरमध्ये भीषण आग लागली, तेव्हा बंब ओढण्यास घोडे नसल्याने ते काम जवानांना हातांनी करावे लागले. मुका प्राणी आजारी पडला तर संपूर्ण नगरी कशी पंगू होते, याचा धडा त्या काही आठवड्यांनी लोकांना दिला. आजवर बर्ग यांची थट्टा करणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांच्या म्हणण्यातील तथ्य तेव्हा जाणवले.

दानशूरांची साथ आणि एका बालिकेची सुटका

संस्थेचे प्रारंभीचे दिवस तुटपुंज्या साधनांत गेले. १८७१ साली लुई बोनार्ड नावाचे एक फ्रेंच वृद्ध न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. अत्यंत काटकसरीने, जवळजवळ विरक्तासारखे राहणाऱ्या या गृहस्थांनी आपली लाखाहून अधिक डॉलर किमतीची सारी संपत्ती बर्ग यांच्या संस्थेला दान केल्याचे आढळले. नातलगांनी हरकत घेतली. न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. या दानातून संस्थेला प्रशस्त वास्तू लाभली व कार्याचा विस्तार झाला. एका अपरिचित दात्याने मूक जीवांसाठी ठेवलेली ही पुंजी कार्यकर्त्यांना मोठे बळ देऊन गेली.

१८७४ साली एक धर्मसेविका बर्ग यांच्याकडे आली. मेरी एलेन नावाच्या एका लहान मुलीचा तिच्या पालनकर्त्या स्त्रीकडून अमानुष छळ चालला होता आणि तिला सोडविण्यास कोणी पुढे येत नव्हते. बर्ग यांनी आपले विधिज्ञ एल्ब्रिज गेरी यांना हे प्रकरण हाती घेण्यास सांगितले. प्राण्यांच्या कायद्याचा येथे उपयोग नव्हता. गेरी यांनी बंदीप्रत्यक्षीकरणाच्या कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन मुलीला न्यायालयात आणविले. तिची सुटका झाली आणि पालनकर्तीला एक वर्षाची शिक्षा झाली. याच घटनेतून त्या वर्षाच्या अखेरीस बालकांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पशूंवर दया करणारा मनुष्यांना विसरतो, असा आक्षेप घेणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते असणार?

स्वभावाच्या मर्यादा

बर्ग हे निर्दोष पुरुष होते असे म्हणणे चरित्राशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांचा स्वभाव तापट व आग्रही होता. घोड्यावर उगारलेला चाबूक ज्यांना सहन होत नसे, तेच पत्नीला मारणाऱ्या पुरुषांना फटक्यांची शिक्षा द्यावी असा कायदा मागत होते. मांसाहाराचा त्याग हा त्यांच्या संस्थेच्या कार्यक्रमाचा भाग नव्हता. प्राण्याला जिवंतपणी भोगावयास लावलेल्या यातनांपुरताच त्यांचा लढा होता. प्रयोगशाळांतील जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीवर बंदी यावी म्हणून १८८० साली त्यांनी यत्न केले, ते निष्फळ ठरले.

कधी त्यांचा अंदाजही चुकत असे. सर्कशीचे प्रसिद्ध चालक पी. टी. बार्नम यांचा एक घोडा पेटत्या वलयांतून उडी घेत असे. १८८० साली बर्ग यांनी त्यास आक्षेप घेतला, तेव्हा बार्नम यांनी लोकांसमक्ष स्वतः त्या वलयांतून जाऊन इजा होत नसल्याचे दाखविले. हे दोघे अनेक वर्षे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. पण बर्ग यांच्या निष्ठेविषयी बार्नम यांच्या मनात आदर उत्पन्न झाला, त्यांची मैत्री जडली, आणि पुढे बार्नम यांनी आपल्या मृत्युपत्रात बर्ग यांच्या स्मारकासाठी रक्कम ठेवली. विरोधकाच्या मनातही आदर निर्माण करणारी निःस्पृहता त्यांच्यापाशी होती.

दोन वाटा, एक करुणा

बर्ग यांच्या कार्यातील एका अंगाचा येथे मोकळेपणाने उल्लेख केला पाहिजे. ज्या घोड्याच्या जगण्याची आशा उरली नाही, त्याला गोळी घालून यातनांतून सोडवावे, असे त्यांच्या संस्थेचे धोरण होते. १८६७ च्या कायद्यानेही तशी मुभा दिली होती. जैन दृष्टीला हा मार्ग मान्य होण्यासारखा नाही. प्रत्येक जीवाला आपले आयुष्य प्रिय असते आणि ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही आपली धारणा. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी पांजरपोळांची परंपरा जोपासली. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली, म्हणजे बर्ग यांच्या संस्थेच्या बत्तीस वर्षे आधी, पारशी, जैन व हिंदू व्यापाऱ्यांच्या औदार्यातून उभे राहिले. म्हातारे, लंगडे, निरुपयोगी ठरलेले जनावर तेथे नैसर्गिक अंतापर्यंत सांभाळले जाते.

दोन वाटांतील हे अंतर खरे आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु बर्ग यांच्या जीवनातून पांजरपोळाच्या उपासकांनीही घ्यावा असा बोध त्यात दडलेला आहे. जिवाला मारावयाचे नाही असा निर्धार केला, की त्याच्या वेदना कमी करण्याची जबाबदारी दुपटीने वाढते. निवारा आणि चारा दिला, पण जखम धुतली नाही, वेदनाशामक औषध दिले नाही, पडलेल्या घोड्याची कूस पालटली नाही, तर अभयदान अपुरे राहते. मुंबईने हा विचार त्याच शतकात कृतीत आणला. १८७४ साली तेथे प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था निघाली, १८८० च्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राणी रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. आश्रयाला अशी वैद्यकाची जोड मिळाली.

स्वतंत्र भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जखमी किंवा आजारी जनावराकडून काम करवून घेणे आणि उपासमारीने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणे हे गुन्हे ठरविले आहेत. बर्ग यांनी एका शतकाआधी ज्या दोन गोष्टींसाठी रस्त्यावर उभे राहून अपमान सोसला, त्याच या होत.

अखेरचे दिवस

बर्ग यांचे कार्य त्यांच्या हयातीतच देशभर पसरले. १८६७ साली पेनसिल्व्हेनियात आणि १८६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये तशाच संस्था स्थापन झाल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये शर्यतीत दोन घोडे मरेपर्यंत पळविल्याच्या घटनेने जॉर्ज एंजेल हे विधिज्ञ व्यथित झाले आणि त्यांनी तेथील संस्थेचे नेतृत्व स्वीकारले. बर्ग यांच्या निधनापर्यंत अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्यांनी क्रूरताविरोधी कायदे केले होते.

दीर्घकाळ आजारी असलेल्या पत्नी माटिल्डा १८८७ साली कालवश झाल्या. या दांपत्याला अपत्य नव्हते. त्यानंतर बर्ग यांची प्रकृतीही ढासळत गेली. १२ मार्च १८८८ रोजी पहाटे वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी न्यूयॉर्कवर शतकातील सर्वांत भयंकर हिमवादळ कोसळले होते. रस्ते बर्फाने बुजले होते आणि घोड्यांच्या ट्रामगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड स्मशानभूमीत त्यांच्या देहाला चिरविश्रांती मिळाली.

काही वर्षांत ट्राम विजेवर धावू लागल्या, पुढे मोटारी आल्या आणि शहरांतील घोडे दिसेनासे झाले. बर्ग यांची चरखीची गाडीही काळाच्या ओघात गेली. तथापि जखमी प्राण्यासाठी रुग्णवाहिका पाठविता येते, त्याला टाकून देणाऱ्याला जाब विचारता येतो आणि त्यासाठी संस्था, निधी व सेवक उभे करता येतात, ही व्यवस्था त्यांच्यामागे राहिली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हाती कोणतेही पूर्वसंचित यश नसताना, प्राण्यांचा विशेष लळा नसतानाही त्यांनी ती उभारली. जीवदयेचा संकल्प करण्यास कोणतेही वय उशिराचे नसते, आणि पडलेल्या जिवाजवळ थबकलेले पाऊल तेथेच रोवून उभे राहणे ही त्या संकल्पाची पहिली पायरी होय, हेच हेन्री बर्ग यांचे चरित्र सांगते. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.